एका खिडकीला एकच अवयव

आमच्या इस्पितळात एका खिडकीवर एकाच अवयवाची दखल घेतली जाते. हा नियम आमच्या मोठ्या साहेबांचा. साहेब डॉक्टर नव्हेत, कार्यालय अधीक्षक; मी त्यांच्या हाताखालचा कारकून. नियम निघाल्यावर गर्दी झटक्यात ओसरली, कारण माणसं वैतागून घरी जाऊ लागली. साहेबांचा सत्कार झाला.

साहेबांना मधुमेह जुना. एकदा वहिनींना त्यांच्या तळपायात ऑफिसातली टाचणी रुतलेली दिसली. साहेबांना पत्ताच नव्हता. “दुखत नाही, म्हणजे काही नाही,” ते म्हणाले. जखम चांगली चिघळली, तेव्हा कुठे स्वारी स्वतःच्याच रांगेत येऊन उभी राहिली.

खालच्या मजल्यावर पायांच्या डॉक्टरबाईंनी पट्टी सोडली. “भरत कशी नाही ही? झोप नीट लागते ना?”

“मस्त.”

“मस्त कसली,” वहिनी म्हणाल्या. “घोरता घोरता श्वासच अडकतो यांचा. मी हलवते, मग सुरू होतो. भीतीनं माझा डोळा लागत नाही.”

“मग आधी झोपेची तपासणी. तोवर भूल द्यायची नाही, आणि भुलीशिवाय जखम साफ व्हायची नाही.”

वरच्या मजल्यावर झोपेच्या डॉक्टरांनी पायाकडे बघितलंसुद्धा नाही. “उघडी जखम घेऊन आमच्या खोलीत झोपता येत नाही. पाय बरा करून या.”

“पण झोपेच्या तपासणीशिवाय खाली जखम साफ करत नाहीत,” वहिनी म्हणाल्या.

“तो खालच्या मजल्याचा विषय.”

लिफ्ट फक्त चालता न येणाऱ्यांसाठी. साहेबांना चालता येत होतं. हाही नियम त्यांचाच. जिने चढून-उतरून जखम हाडाला भिडली. वहिनी माझ्या खिडकीशी आल्या. “भाऊजी, दोन्हीकडचा एकच शिक्का मारा. पाय जाईल हो त्यांचा.” मला फार कळवळा आला. पण कळवळ्याला आमच्याकडे खिडकी नव्हती. मी साहेबांकडे पाहिलं. ते बाकावर बसल्याबसल्या घोरत होते. दचकून जागे झाले आणि म्हणाले, “नियम मोडू नका. उद्या सगळेच मागतील.”

शेवटी साहेब तापानं फणफणले आणि तातडीच्या विभागात गेले. तिथं नियम लागू नाहीत. त्यामुळे श्वासाचं यंत्र, भूल, शस्त्रक्रिया, सगळं एका दुपारीत उरकलं. पाऊल गेलं. कापलेली जागा भरल्यावर झोपेच्या खोलीनं त्यांना सन्मानानं प्रवेश दिला. आता लिफ्टही मिळते.

तुम्हाला हसू आलं असेल. हसा की. पण इतकं वाचून मोजे काढून स्वतःचा तळवा बघावासा वाटला? नाही ना. चूक तुमची नाही. तुम्ही सध्या डोळ्यांच्या खिडकीवर आहात.