विदरिजांचे शेवटचे सर

ज्या समाजात कर्तबगारीपेक्षा जन्माला मान असतो, तो समाज स्थिर राहतो. (डबकंही स्थिरच असतं, पण तो विषय वेगळा.)

इंग्लंडातल्या श्रॉपशरच्या विदरिज पेढीवाल्यांकडे नावाआधी 'सर' लावायचा हक्क वंशपरंपरेने होता. मूळपुरुषाने एका मंत्र्याला कर्ज दिलं होतं. मंत्र्याला ते फेडवेना, म्हणून त्याने राजाकडून पदवी मिळवून दिली. पुढे पाच पिढ्या विदरिज पुरुषांनी ती अखंड सांभाळली. दुसरं काही सांभाळल्याची नोंद नाही. (पेढी बायका चालवत. त्याला काम म्हणत नसत, 'जरा लक्ष घालणं' म्हणत.)

शेवटचे सर ऑब्री यांना एकच मुलगी, मॉड. मंदीत आसपासच्या पेढ्या पटापट बसल्या, तेव्हा विदरिजांची तिने तगवली. पदवी मात्र फक्त पुरुषाला मिळे. त्यामागे काहीतरी कारण असणारच, असं सगळे धरून चालत. मॉडला पदवीचा सोस नव्हता. बापाने एकदा तरी "पोरी, तू घर राखलंस" म्हणावं, एवढ्यासाठी तिचा जीव तुटायचा.

बापाचा जीव पदवीत अडकलेला. म्हणून वारसही तिनेच हुडकला. कॅनडात डुकरं पाळणारा हा लांबचा चुलतभाऊ डेस्मंड आला, तेव्हा सर ऑब्रींनी त्याला जेवणाच्या टेबलावर मॉडची खुर्ची दिली. त्यानेही 'सर डेस्मंड' अशी कार्डं छापून टाकली. सगळं जुळलं होतं. फक्त डेस्मंडचे आईबाप स्वतःच्या लग्नाला चर्चमध्ये गेले, तेव्हा डेस्मंड आईच्या कडेवर होता. (इंग्लंडात उशिरा आलेल्या पाहुण्याला माफी मिळते, लवकर आलेल्या वारसाला नाही.) पदवीवरचा त्याचा हक्क तिथेच बुडाला.

सर ऑब्रींनी अंथरूण धरलं. शेवटी मॉडचा हात हातात घेऊन म्हणाले, "संपलं गं सगळं. मागे कुणीच नाही."

"पपा, मी आहे ना."

"तू आहेसच गं. मी वारसाबद्दल बोलतोय."

म्हातारा गेला, त्याच्याबरोबर पदवीही गेली. मॉड ढसाढसा रडली आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर पेढी उघडायला गेली, कारण दुसरं कोण उघडणार?

वाचकहो, असल्या मागासलेल्या लोकांची कीव येणं साहजिक आहे. आपल्याकडे असं नसतं. मुलगी झाली की आपण आनंदाने बर्फी खातो. आणि तोंड पुसता पुसता तुम्हीच विचारता, "मग, दुसरा चान्स घेणार ना?"