ठळक-रुंद पत्रिका

मौजे खुटबाव येथील हौसराव आप्पांच्या घरी, १९९७ च्या चैत्रात, नारळ फोडून प्रिंटर रीतसर सुरू करण्यात आला. रांजणगावच्या एका कंपनीनं मोडीत काढलेलं ते यंत्र त्यांनी कॉम्प्युटरसकट उचललं होतं. लेक नीलम दौंडला कॉम्प्युटरचा कोर्स शिकली होती आणि लग्न तिचंच होतं. पत्रिका आपणच छापायची, वर आपलं आणि नवरदेव रोहनचं नाव मोठ्ठं, एवढाच तिचा हट्ट होता.

बटण दाबून धरत यंत्र चालू केलं की ते चाचणीचा कागद छापतं. त्यानं छापला. त्या किरकिरीनं गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली, आणि यंत्र उत्तम असल्याचं सर्वांनी मान्य केलं.

"अक्षरं तीन तऱ्हेची निघत्यात, आप्पा," नीलम म्हणाली. "बारीक, ठळक आन् रुंद."

हे आप्पांना कळायला नको होतं. नमुना म्हणून त्यांनी आपलंच नाव ठळक काढायला लावलं. तेवढ्यात नवरीचे मामा मच्छिंद्रराव आले.

"व्हय दाजी, तुम्ही ठळक आन् मामा बारीक? मग नवरीला मांडवात तुम्हीच आणा!"

मामांना तातडीनं ठळक केलं. साहजिकच सोसायटीचे चेअरमन रुंद झाले. भावकी विरोधी पॅनेलची, म्हणून ती ठळक-रुंद झाली. अखेर समतेच्या तत्त्वानुसार सर्वांनाच ठळक-रुंद करण्याचा ठराव ओट्यावर एकमतानं मंजूर झाला. ओळीत एकच नाव मावू लागलं. पानाला पान जोडलेला यंत्राचा जोडकागद उंबरा ओलांडून अंगणात गेला. यंत्र तापलं, तेव्हा नीलमच्या आईनं, शेवंताबाईंनी, त्याला पदरानं वारा घातला.

"आप्पा, घडी पाकिटात मावंना. कुणाला तरी बारीक करावं लागंल."

आप्पांनी भोवतालच्या मंडळींवरून नजर फिरवली. एकही चेहरा बारीक होण्याजोगा दिसेना.

"तू आन् जावईबापू. घरचीच माणसं, रुसायची न्हाईत."

बारीक करूनही घडी मावेना. मग त्या दोघांना वगळण्यात आलं. नीलम हमसून रडली.

"अगं, लगीन तुझं हाय हे समद्या गावाला ठावं हाय," आप्पा कळवळून म्हणाले. "छापायचं कशाला?"

लग्नाला तोबा गर्दी झाली. रुसवा म्हणून नव्हता. जो तो पत्रिका उलगडून आपली ओळ दाखवत होता. पंगतीत गावातल्याच पुतळाबाईंनी शालूतल्या नीलमला जवळ बोलावलं.

"पोरी, लगीन कुणाचं हाय गं?"

हसलात ना? मग घरी आलेली शेवटची पत्रिका आठवा. त्यात आपलं नाव कितव्या ओळीत होतं, हे तुम्ही झोपेतही सांगाल. नवरीचं नाव सांगा बघू.