साळवे बाईंची घसरगुंडी

बाकीचे अध्यक्ष आधी फीत कापतात. आमच्या ट्रस्टच्या अध्यक्षा, साळवे बाई, आधी घसरगुंडीवरून घसरतात. वय अडुसष्ट. चष्मा काढून सेक्रेटरी बोठ्यांच्या हातात देतात, पर्स पोटाशी धरतात, निऱ्या गुडघ्यांत आवळतात आणि शिडी चढतात. वर पोचल्यावर एकदा आभाळाकडे बघतात, बहुतेक वर कळवत असाव्यात, आणि सुटतात. खाली आल्यावर निकाल लागतो. निकाल दोनच. "चालेल" किंवा "चावते".

माझ्या पहिल्या घसरगुंडीला त्या "चावते" म्हणाल्या. तेही भर समारंभात, नगरसेवकांपासून फुगेवाल्यापर्यंत सगळ्यांच्या देखत.

मी फॅब्रिकेशनवाला. पत्र्याच्या एका शेडमध्ये, दुसऱ्याचं वेल्डिंग मशीन भाड्याने घेऊन सुरुवात केली. आज एमआयडीसीत माझं स्वतःचं वर्कशॉप आहे, शहरात सावेडीला फ्लॅट आहे. घासाघीस करायला मी बसलो की लोखंडाचे व्यापारी आधी पाणी मागवतात. अशा माणसाला ही बाई चारचौघांत सांगते, तुमची घसरगुंडी चावते!

"बाई, पंचवीस वर्षं लोखंडात काढली मी," मी म्हणालो. आवाज चढला होता, खोटं कशाला सांगू.

"मी एकोणचाळीस वर्षं पोरांत काढली," बाई म्हणाल्या आणि पदर पुढे केला. एक दोरा निघाला होता. वेल्डिंगचा केसाएवढा काटा राहिला होता कुठेतरी. या कामासाठी बाईंची एक वेगळी साडी आहे, जुनी, जांभळट, नायलॉनची. "सुती साडी भिडस्त असते, दहिफळे. नायलॉन तोंडावर सांगतं."

वर त्यांचं ठरलेलं वाक्य: "मूल तक्रार करत नाही. मूल फक्त परत येत नाही."

हे वाक्य त्या कशालाही लावतात. बागेच्या गळक्या नळाला लावतात, काटेरी कुंपणाला लावतात. एकदा चहाच्या टपरीवर पाणचट चहा मिळाला तेव्हाही त्यांनी हेच ऐकवलं. टपरीवाला म्हातारा होता. त्याने मुकाट्याने दुसरा कप दिला.

ट्रस्टचं काम साधं आहे. जिल्ह्यातल्या गावोगावच्या पडक्या बागा उभ्या करायच्या, झाडं लावायची, खेळणी बसवायची आणि वर्षभर त्यांच्यावर नजर ठेवायची. बाई हुकूम सोडतात, बोठे लिहून घेतात. बोठे मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, अंगाने बारीक, बोलणं त्याहून बारीक. मी बाईंशी भांडायला लागलो की हळूच विचारतात, "हे इतिवृत्तात घेऊ का?"

आता माझं खरं दुखणं सांगतो. तीन वर्षं मी ट्रस्टला खेळणी पुरवली. प्रत्येक घसरगुंडी दोन-दोनदा परत नेली, घासली, पुन्हा आणली. गिऱ्हाईक खडूस, पण पक्कं. मग एका सभेत बाईंनी मला अचानक हार घातला, नारळ दिला आणि ट्रस्टी करून टाकलं. टाळ्या झाल्या. मी फुगलो. घरी बायकोने पेढे वाटले. पुढच्या महिन्यात चार झोक्यांचं कोटेशन घेऊन गेलो, तर बाई शांतपणे म्हणाल्या, "ट्रस्टीला ट्रस्टकडून काम घेता येत नाही, दहिफळे. नियम आहे."

"मग?"

"फुकट करता येतं."

आयुष्यात मला इतकं स्वस्तात कुणी विकत घेतलं नव्हतं. एका हारात! मी टेबलावर हात आपटला. बोठ्यांनी पेन उचललं. शेवटी मी एक अट घातली. फुकट करतो, पण पुढची बाग माझ्या गावात, पाथर्डी तालुक्यात. आमच्या गावात पोरांना खेळायला बाभळीच्या सावलीखेरीज काही नव्हतं. बाई म्हणाल्या, "चालेल." घासाघीस न करता मिळालेलं ते माझं पहिलं "चालेल".

ती घसरगुंडी मी स्वतः घासली. कारागिराला हात लावू दिला नाही. एवढ्या लांब टेम्पोत न्यायची म्हणून सगळे जोड बोल्टचे ठेवले. डिसेंबरातला रविवार ठरला. शाळेला सुट्टी, पोरं मोकळी. बाई चर्चमधली सकाळची उपासना उरकून आल्या. गावात मांडव, सरपंच, लाउडस्पीकर, सगळं होतं.

पोरं नव्हती.

निम्म्या घरांना कुलपं. ओट्यांवर म्हातारीकोतारी बसलेली. मी सरपंचांवर ओरडलो, मांडववाल्यावर ओरडलो. तेव्हा ओट्यावरची एक आजी म्हणाली, "आरं, कुनावर वरडतूस? समदी उसाला गेली न्हाईत का? दिवाळी झाली की टोळ्या हालत्यात. तू तर आमच्यातलाच. तुला ठावं न्हाई व्हय?"

ठावं होतं. मला नाही तर कुणाला? माझे आईबाप ऊसतोडीला जायचे. माझे सगळे हिवाळे साखर कारखान्याच्या तळावर, उसाच्या पाचटाने शाकारलेल्या कोपीत गेले. सावेडीच्या फ्लॅटमध्ये राहून मी आमच्या गावाचं वर्षच विसरलो होतो. ज्या पोरांसाठी बाग मागितली, ती गाव सोडून गेल्यावर तिचं उद्घाटन ठेवलं. हे मी केलं, दुसऱ्या कुणी नाही.

बाईंनी चष्मा बोठ्यांकडे दिला. चढल्या, घसरल्या. खाली आल्यावर उठल्याच नाहीत. तिथेच बसून रिकाम्या मैदानाकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता चारचौघांत माझी सालटी निघणार.

"पोरं आत्ता कुठं आहेत?"

मी टोळीच्या मुकादमाला फोन लावला. "श्रीगोंद्याकडे, कारखान्याच्या तळावर. गुढीपाडव्याच्या सुमाराला येतील."

"जोड बोल्टचे आहेत ना?"

"हो."

"मग खोला."

सरपंच उसळले. "बाई, आसं कसं? बाग आमच्या गावाची हाय!"

इथे मात्र माझा धंदा कामाला आला. मी सरपंचांना बाजूला घेतलं. बाक आणि झोके इथेच राहतील, बाक म्हाताऱ्यांना लगेच उपयोगी पडतील. फीत आजच कापू, फोटो आजच काढू. फक्त घसरगुंडी पोरांबरोबर जाईल आणि पोरांबरोबर परत येईल.

"दरसाल?"

"दरसाल."

"आन् आनायची-न्यायची कुनी?"

मी बाईंकडे बघितलं. बाई आभाळाकडे बघत होत्या. "मी," मी म्हणालो. म्हणजे पुन्हा मीच फसलो.

फीत कापली, फोटो निघाला, आणि टाळ्या थांबायच्या आत मी पाना लावला.

सोमवारी सकाळी आम्ही तळावर घसरगुंडी उभी केली. पोरं लांब कोप्यांपाशी उभी राहून बघत होती. जवळ येईनात. हे आपल्यासाठी असेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. मग साळवे बाई वर चढल्या आणि पर्स पोटाशी धरून सुटल्या. खाली धुळीत बसकण मारली. आधी कडेवर भाऊ घेतलेली एक पोरगी हसली, मग सगळा तळ हसला आणि रांग लागली. थोड्या वेळाने बाई पुन्हा शिडीकडे निघाल्या, तर त्याच पोरीने त्यांना अडवलं. "ये आज्जे, मधी नको घुसू. मागं हुबी ऱ्हा."

जिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांना उभं करणाऱ्या बाई निमूट रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.

परतताना गाडीत मी एकदाचं विचारलं, "बाई, माझं काम आता तुम्हाला ठाऊक आहे. तरी प्रत्येक वेळी स्वतः कशाला घसरता?"

त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मी बोर्डिंगात वाढले. सुट्टी लागली की प्रत्येकीला न्यायला कुणी ना कुणी यायचं. माझं येणारं कुणी नव्हतं. अंगणात सगळी खेळणी होती. पण झोक्याला ढकलणारं लागतं, सीसॉला समोर दुसरं मूल लागतं. घसरगुंडी तेवढी एकटीला पुरते."

मागच्या सीटवर बोठे होते. त्यांनी पेनाला टोपण लावलं. मीही गाडी नीट चालवली, हॉर्नसुद्धा वाजवला नाही.

त्या आठवड्यात मी वर्कशॉपमध्ये एक सीसॉ केला. कुणी मागितला नव्हता. पुढच्या रविवारी तो तळावर बसवला आणि बाईंना म्हणालो, "तपासा."

"हा कसा तपासणार? एकटीने होत नाही."

पोरं एका टोकाला चार-चार बसायला तयार होती. त्यांना म्हटलं, थांबा जरा. बाई एका टोकावर बसल्या, मी दुसऱ्या. माझं वजन बाईंच्या दुप्पट. त्यांचे पाय जमिनीवरून सुटले, पर्स पोटाशी घट्ट आली, आणि भल्याभल्यांना दरडावणारा आवाज एकदम लहान झाला.

"दहिफळे, लगेच उतरू नका हं."

मागे पोरं बोंबलत होती, "आमचा नंबर! आमचा नंबर!" मी बसून राहिलो.