कानटोपीतली चार पिल्लं

माहेराहून काय आणावं याला काही धरबंध असतो. तिळगूळ आणावा, गुळाच्या पोळ्या आणाव्यात, फार तर शेंगदाण्याचं कूट. सुरुचीने लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला लोणी काळभोरहून पाच पिल्लं आणली. कोंबडीची.

आणायचं असं काही ठरलं नव्हतं. परसातल्या कोंबडीला मुंगसाने नेलं होतं आणि दोन दिवसांची पिल्लं टोपलीखाली चिवचिवत होती. आई म्हणाली, आईबिगर ऊब न्हाई, ही काय जगत न्हाईत आता. ते ऐकून सुरुचीच्या तोंडून निघून गेलं, "मी नेते." (तिला एरवी फारसं बोलायला सुचत नाही. सुचतं तेव्हा हे असं.) हलव्याचे दागिने ज्या खोक्यातून आले होते त्याला भोकं पाडून पिल्लं आत ठेवली. बसमध्ये शेजारच्या बाईंनी दोनदा सांगितलं, तुमचा फोन वाजतोय. सुरुचीने दोन्ही वेळा पर्स उघडून बघितल्यासारखं केलं.

कात्रजच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तेव्हा दोनच माणसं राहत होती. पुष्कर, म्हणजे नवरा, लग्नानंतर अठराव्या दिवशी कंपनीच्या कामासाठी तीन महिने जर्मनीला गेला होता. रोज संध्याकाळी पाचला, म्हणजे त्याच्या तिकडच्या जेवणाच्या सुट्टीत, तो फोन करी आणि तोंडात घास असताना विचारी, "बाकी काय?" या प्रश्नाचं उत्तर आजवर कुणाला सापडलेलं नाही. सुरुचीलाही सापडत नसे.

उरले सासरे. श्रीधरराव वेधशाळेतून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं तापमानाच्या नोंदी केल्या. (पाऊस कधी येणार हे त्यांना विचारू नये. "तो विभाग वेगळा," असं उत्तर मिळतं.) निवृत्तीनंतरही गॅलरीत थर्मामीटर टांगून दिवसातून तीनदा ते एका बांधीव वहीत आकडे लिहीत. सुनेला 'अहो सूनबाई' म्हणत. "चहा ठेवलाय, बाबा." "घेतो." "पान वाढू?" "वाढा." संपला दिवस. गावाकडचा शब्द तोंडातून निसटू नये म्हणून सुरुची आधी अख्खं वाक्य मनात तयार करायची, आणि वाक्य तयार होईपर्यंत बाबा उठून गेलेले असायचे.

तर अशा घरात, कपाटाच्या खालच्या कप्प्यात, पाच पिल्लं राहायला आली.

आईने फोनवर सांगितलं की टोपलीवर पिवळा बल्ब सोड. सुरुची कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेली. साठ वॅटचा, जुना, तापणारा बल्ब आहे का? दुकानदाराने पेपरमधून डोकं वर न काढता सांगितलं, "होता. आजोबा होते तेव्हा." हल्लीचे बल्ब उजेड देतात, ऊब देत नाहीत. (हे पुष्करच्या व्हिडिओ कॉललाही लागू होतं, पण ते दुकानदाराला सांगण्यात अर्थ नव्हता.) आई म्हणाली, मग चुलीपाशी ठेव. चूल नाही. मग शेगडीपाशी. शेगडी इंडक्शनची, वर भांडं नसेल तर तापत नाही. "मग तापतं तरी काय तुमच्या घरात?" आईने विचारलं.

पहिल्या रात्री तिने बाटलीत गरम पाणी भरून ठेवलं. पहाटेपर्यंत बाटली गार झाली आणि सकाळी पाचातलं एक पिल्लू कडेला आडवं पडलेलं होतं. सुरुचीने ते कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलं, वरची माती हाताने सारखी केली आणि पोहे केले. हे सांगण्यासारखं कुणी नव्हतं. पाचला फोन आला. "बाकी काय?" "काही नाही," ती म्हणाली.

त्याच दिवशी तिने बाबांची शेकपिशवी घेतली.

घेतली म्हणजे उसनी. बाबा गुडघ्याला शेक घेतात ते चार वाजता. तोवर खिळ्यावर परत लावू असा हिशोब. पण रबरी पिशवीवर पिल्लं पहिल्यांदाच पाय पसरून, माना टाकून, बिनघोर झोपली. पिशवी काढली की एकमेकांत घुसून आकांत. चार वाजता बाबा आले. त्यांनी रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि परत गेले. ओरडले असते तर तिने तिथल्या तिथे सगळं सांगून टाकलं असतं. (मुकाट माणसाकडे चोरी करणं फार अवघड. पकडायलाच कुणी येत नाही.)

पिशवीची ऊब निसटू नये म्हणून दुसऱ्या दिवशी मफलर गेला. तिसऱ्या दिवशी थर्मामीटर दहाच्या खाली उतरला, तेव्हा मरून कानटोपी. ती तर पिल्लांसाठीच विणली असावी अशी होती: चौघं आत, चोची बाहेर. बाबांच्या कपाटाच्या दाराला आतून 'हिवाळी सामान' अशी यादी चिकटवलेली होती, अनुक्रमांक घालून. अनुक्रमांक तीनपर्यंतचं सामान सुरुचीच्या कपाटात आलं, आणि परत करण्याच्या अवस्थेत त्यातलं काहीच राहिलं नाही. पिल्लांना सगळं येतं, पण संडासला कुठे जावं हे येत नाही.

एका सकाळी चहा घेताना त्यांनी आपणहून विचारलं, "सूनबाई, आज वार कोणता?" सुरुचीला इतका आनंद झाला की वाक्य तयार करायचंही राहिलं. "गुरुवार हाय," ती म्हणाली. बाबांनी मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं. मग न्हाणीघरातून पाढे ऐकू येऊ लागले. "एकोणीस सक चौदोदरसे." मध्येच थांबत, पुन्हा पहिल्यापासून. पुष्करला तिने सांगितलं, बाबा हल्ली पाढे म्हणतात. "वा, म्हणजे मजेत आहेत," पुष्कर घास गिळत म्हणाला. सुरुचीलाही तसंच वाटलं. कानटोपी गेल्यापासून माणूस मोकळा झाला, असं.

संक्रांतीनंतर आठव्या दिवशी दूध घेऊन येताना तळमजल्यावरच्या हेमाकाकूंनी तिला जिन्यात गाठलं. काकू निवृत्त मुख्याध्यापिका. गाठलं की गाठलं. त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं, की श्रीधरराव परवा विसरण्याच्या आजाराच्या डॉक्टरांचा नंबर मागत होते. आज पाचची वेळ घेतली आहे. ठेवलेली वस्तू कुठे ठेवली तेच आठवत नाही म्हणाले. शेकपिशवी, मफलर, कानटोपी. त्यांच्या आईचंही शेवटी असंच झालं होतं ना.

"आणि घरात चिवचिव ऐकू येते म्हणाले. कपाटातून." काकूंनी सुस्कारा सोडला. "तुला सांगू नका म्हणालेत. म्हणे, नवीन आहे, एकटी आहे, घाबरेल."

सुरुची दुधाच्या पिशवीसकट जिन्यावर उभी राहिली. तीन मजल्यांत तिने सात वाक्यं तयार केली आणि सगळी मोडली.

वर बाबा खुर्चीत बसले होते. अंगावर शाल, कारण यादीतली तेवढीच उरली होती. मांडीवर फाइल आणि फाइलवर एक कागद: आपलं पूर्ण नाव, पत्ता, मुलाचा जर्मनीतला नंबर, मोठ्या अक्षरांत. वाट चुकली तर खिशात असावा म्हणून. सुरुचीने दुधाची पिशवी खाली ठेवली. ती आत गेली, खोकं आणलं आणि त्या कागदावर ठेवलं.

मरून कानटोपीतून चार डोकी वर आली.

बाबांनी बोटाने टोपीची कड चाचपली.

"ही माझी कानटोपी."

"हो."

"मी हरवली नव्हती."

"नाही. मी चोरली. शेकपिशवी खाली आहे, मफलर तिच्याभोवती आहे." आणि मग, आठ दिवसांचं तुंबलेलं असावं, सगळंच आलं: मुंगूस, बस, दुकानदार, कुंडीत पुरलेलं पिल्लू, आणि तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं बाबा, मला वाटलं तुम्हाला कळलंच न्हाई.

बाबांनी चष्मा काढला. शालीच्या टोकाने पुसला, जरा जास्तच वेळ. मग कागदाची घडी केली, आणखी एक घडी केली.

"एकोणीस नव्वे एकाहत्तरासे," ते स्वतःशीच म्हणाले. एकदम, न अडखळता. चष्मा डोळ्यांवर चढला. "पाणी कितीचं भरता?"

"हाताला सोसेल एवढं."

"हाताला सोसेल हे माप नव्हे, सूनबाई." ते उठले आणि गॅलरीतला थर्मामीटर काढून घेऊन आले. चौतीस वर्षांत नोंदीची वेळ त्यांनी पहिल्यांदा चुकवली असेल. डॉक्टरांना फोन करून ते एवढंच म्हणाले, की वस्तू सापडल्या, चिवचिवही सापडली.

त्यानंतर पिल्लांना ऊब कमी पडली नाही. दर दोन तासांनी पाणी बदलायचं, आळीपाळीने. बाबांनी लोणीला फोन लावून विहिणीची रीतसर मुलाखत घेतली. आईने सांगितलं, दाटीवाटीनं बसली तर गारठली, पांगली तर उकडतंय, पसरून झोपली तर बरी. बाबांनी ते 'दाट, विरळ, समाधानकारक' असं वहीत उतरवलं. दुपारच्या पाळीची नोंद सुरुचीकडे आली, कारण तेव्हा बाबांच्या शालीत पिल्लं झोपलेली असत आणि बाबाही.

अशाच एका दुपारी वहीची पानं वाऱ्याने मागे उलटली. डिसेंबर. पुष्कर गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासूनची पानं. प्रत्येक नोंदीच्या शेवटी, आकड्यांच्या खाली, बारीक अक्षरात एक ओळ होती.

'किमान ११.४. वारा शांत. सूनबाई शांत.'

'किमान १०.८. वारा शांत. सूनबाई शांत.'

सहा आठवडे. मध्ये एकदाच, 'सूनबाई गुणगुणल्या. सकाळी ९.१०, स्वयंपाकघर. पुन्हा शांत.' आणि त्या गुरुवारी, 'सूनबाई हसून बोलल्या. वार विसरल्याचा एवढा फायदा.'

सुरुची वही तशीच मांडीवर घेऊन बसून राहिली. खिडकीतून घाटाकडचा गार वारा येत होता. तो तिने नोंदवला नाही. म्हणजे दीड महिना या घरात दोन माणसं एकमेकांच्या शांततेची वेळ बघत बसली होती, आणि एकालाही खाकरायचं सुचलं नव्हतं.

त्या दिवसापासून मात्र तिने वाक्य आधी तयार करणं सोडून दिलं. गावाकडचं, इकडचं, जे येईल ते. आईच्या गाई, बसमधल्या बाई, शाळेत ती तिसरी आली होती ते, तिसरी का आली ते, पहिली आलेलीचं पुढे काय झालं ते. पाचच्या फोनवर "बाकी काय?" विचारलं की पुष्करची जेवणाची सुट्टी संपे, ऑफिस सुरू होई, तरी बाकी संपत नसे.

फेब्रुवारीच्या मध्यावर पिल्लांना पंख फुटले. आता त्यांना कानटोपी लागत नव्हती. सुरुचीने ती तीन पाण्यांतून काढली, उन्हात वाळवली, घडी घालून अनुक्रमांक तीनच्या जागेवर ठेवली आणि मोठ्या अपेक्षेने संध्याकाळी वही उघडली. माणूस आहे, दोन शब्द कौतुकाचे लिहिले असतील.

लिहिले होते.

'कमाल ३२.६. पिल्ले समाधानकारक. सूनबाई: सकाळपासून संततधार, दुपारी दोन ते तीन उघडीप (झोपल्या होत्या), सायंकाळी पुन्हा जोर. कानटोपी आज परत मिळाली. थंडी संपली आहे, तरी लगेच घातली. बरे वाटले.'