हसूकाका पाणी फिरवतात

आमच्या घरी पाण्याची नवी बाटली आली की ती आधी तिसऱ्या मजल्यावर जाते. तिथं हसूराम म्हात्रे, म्हणजे आमचे हसूकाका, ती काठोकाठ भरतात, झाकण लावतात, कालच्या पेपरवर उलटी ठेवतात आणि चोवीस तास तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. दुसऱ्या दिवशी पेपर उचलून उजेडात धरतात. पेपर कोरडा असेल तर बाटली पास. माझ्या मुलीची एक झकपक बाटली त्यांनी नापास केली, तेव्हा तिनं हट्टानं तीच दप्तरात घातली. आठवड्याभरात भूगोलाची वही भिजली. मी स्वतः भूगोलाचा मास्तर, त्यामुळे मला ते जरा जास्तच लागलं.

"पानी खोटं बोलत न्हाय, मास्तर," काका वही गॅलरीत वाळत घालताना म्हणाले. "मानसं बोलतात. कंपनीवाले तर लई बोलतात."

काका मूळचे राई गावचे. वडलांचं मिठागर होतं. पोरगेपणी भरतीचं पाणी आगरात घ्यायचं आणि ओहोटीला सोडायचं हेच त्यांचं खेळणं. पुढं एका केमिकल कंपनीत तीस वर्षं पाइप फिटर. आता भाईंदरला आमच्या बिल्डिंगमध्ये राहतात. बिल्डिंगमध्ये कुठंही पाणी ठिबकलं तरी सोसायटी आधी काकांना बोलावते, मग प्लंबरला. प्लंबर आला की काका त्याच्या मागे हाताची घडी घालून उभे राहतात, आणि तो बिचारा एरवी एका तासाचं काम वीस मिनिटांत नीट करून पळतो.

असा माणूस रिटायर झाल्यावर काय करेल? काकांनी थ्री-डीचा क्लास लावला. मीरा रोडच्या त्या क्लासमध्ये त्यांच्या खालोखाल वयाचा विद्यार्थी एकवीस वर्षांचा होता. काकांना तिथं फक्त एक गोष्ट शिकायची होती: जिथं आता टॉवर उभे आहेत तिथलं मिठागर कॉम्प्युटरमध्ये पुन्हा कसं बांधायचं. दोन वर्षं ते बांधतायत. बांध, वाफे, खाडीचं पाणी आत घेणारी लाकडी उघाडी, मिठाच्या राशी, राशीवरचा उजेडसुद्धा. मी एकदा पाहिलं आणि पायाला मीठ लागल्यासारखं वाटलं.

पण हे सगळं तयार करताना त्यांचा कॉम्प्युटर इतका तापायचा की त्याचे पंखे बेफाम सुटायचे. काशीमीऱ्याहून भरलेला ट्रक घोडबंदरच्या चढाला लागतो ना, अगदी तसा आवाज. त्यांच्या हॉलमध्ये बसून बोलायचं म्हणजे ओरडायचं. आणि पंखे एवढे ओरडूनही कधीकधी कॉम्प्युटर मध्येच मान टाकायचा.

एका रविवारी काकांनी मला जिन्यात गाठलं. "मास्तर, ठरलं. कॉम्प्युटरमधनं पानी फिरवतो."

मला वाटलं, उन्हाचा त्रास झाला असावा. "काका, कॉम्प्युटरमध्ये करंट असतो."

"मंग? कंपनीत करंट नव्हता? गाडीच्या इंजिनात पानी फिरतं का न्हाय? तसंच. एक पंप, एक टाकी, एक रेडिएटर, आनि जिथं तापतं तिथं तांब्याचा ठोकळा. गरम पानी रेडिएटरला जानार, थंड होऊन परत येनार. गोल. लोक करतात. तयार मिळतं ते मना नको. मी माझी लाइन टाकनार."

ही लाइन टाकण्याआधी त्यांनी चार महिने नुसता विचार केला. घरातल्या सगळ्या कॅलेंडरांच्या पाठी संपल्या. चपलांच्या खोक्याचा कॉम्प्युटर झाला, काकूंच्या मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या पंप आणि टाकी झाल्या, नाडीची नळी झाली. लीलाकाकू फोडणीला जिरं शोधत हॉलमध्ये यायच्या आणि पंप उचलून न्यायच्या.

लीलाकाकूंबद्दल सांगायला हवं. एकेकाळी काकूंचा आवाज म्हणजे आमच्या बिल्डिंगचा भोंगा होता. खिडकीत न जाता, ओट्यापाशी उभ्या राहून त्या गेटवरच्या भाजीवाल्याला थांबवत. गेल्या वर्षी त्यांच्या गळ्यातली गाठ काढली. गाठ साधी निघाली, पण आवाज गेला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं तसं. आता उरलाय तो नुसता वाऱ्यासारखा. शेजारी बसलं किंवा घरात सगळं गप्प असलं तरच कळतं. काकांनी त्यांना हाक मारायला पितळेची घंटी आणून दिली होती. काकूंनी ती त्यांच्याच हातात परत ठेवली आणि कुजबुजल्या, "मी काय देव हाय, का शालेची शिपाई?"

तर विचार. पाणी आधी कुठं न्यायचं, यावर काकांनी माझं डोकं तीन आठवडे खाल्लं. एका ठोकळ्यातून तापलेलं पाणी दुसऱ्या ठोकळ्यात गेलं तर दुसऱ्यावर अन्याय नाही का? मला म्हणाले, "तू भूगोलवाला. नदीचं सांग." मी काय सांगणार? शेवटी त्यांनी स्वतःच निकाल दिला. नळी जेमतेम दोन हात लांब, पाणी मिनिटात कितीतरी फेऱ्या मारणार, म्हणजे सगळं पाणी जवळजवळ सारखंच तापणार. "क्रमाला अर्थ न्हाय. नळी जितकी आखूड आनि सरळ तितकी बरी. फक्त एक, टाकी पंपाच्या वर. पंप कोरडा पडला का मेला." एवढं बोलून त्यांनी तीन आठवड्यांची कॅलेंडरं रद्दीत टाकली. चेहऱ्यावर दुःख नाही. मीच हळहळलो.

मग आम्ही खरेदीला निघालो. स्टेशनजवळ एका दुकानात हे सामान ठेवणारे जिग्नेशभाई म्हणून गृहस्थ आहेत. त्यांनी उत्साहानं सात रंगांत उजळणारी टाकी दाखवली, आत घालायला गुलाबी पाणी दाखवलं.

"ये क्या है? गणपती का मखर है?" काका म्हणाले. "बिना लाइट का दो. पानी सफेद."

जिग्नेशभाईंनी निमूटपणे साधी टाकी काढली, पंप काढला, तांब्याचे दोन ठोकळे काढले आणि रेडिएटर ठेवला. काकांनी रेडिएटर उचलला, हातात तोलला, नखानं एका कोपऱ्यात खरवडला.

"ये तो ॲल्युमिनियम है."

"हां काका, बढिया है, हलका है."

"और ठोकळा तांबे का. दोनों एक पानी में?"

"सब चलता है, काका."

"चलता है, और फिर सडता है." काकांनी रेडिएटर खाली ठेवला. "जिग्नेशभाई, मैं मिठागर का आदमी हूं. तांबं आनि ॲल्युमिनियम एका पान्यात म्हंजे दोन जावा एका चुलीवर. आज बोलनार न्हाईत, सा महिन्यांनी भांडं फुटनार."

जिग्नेशभाई भले माणूस. त्यांनी लगेच कुणाला तरी फोन लावला, दोन मिनिटं गुजरातीत बोलले, फोन ठेवला आणि हात जोडले. "काका सही बोलते है. मेरे को किसी ने बताया ही नहीं." आठ दिवसांत त्यांनी तांब्याचा रेडिएटर मागवून दिला. आता तिथं जो येतो त्याला ते विचारतात, "धातू कौनसा?"

रेडिएटर नवा असला तरी आत कारखान्याची घाण असते, म्हणून काकांनी तो गॅलरीत धुतला. धुतला म्हणजे, अर्धा गरम पाण्यानं भरला, तोंडं बंद केली, छातीशी धरला आणि वीस मिनिटं गदागदा हलले. समोरच्या विंगमधल्या दोन बायका खिडकीशी येऊन हात जोडून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, काकांच्या अंगात आलं.

आणि मग तो शनिवार. काकांनी कॉम्प्युटर बाजूला ठेवला होता. आधी सगळी लाइन डायनिंग टेबलावर मोकळीच जोडायची, तपासायची आणि मगच आत बसवायची असं ठरलं होतं. पाणी आत्ता नाही. आधी हवा. सायकलच्या पंपानं नळ्यांत थोडी हवा भरायची, तोंडाशी दाबाचा काटा लावायचा आणि बघायचं. काटा जागचा हलला नाही तर लाइन पक्की. हलला तर कुठंतरी गळती, आणि तशीच बसवली तर दोन वर्षांच्या मिठागरावर खरोखरचं पाणी फिरणार.

काकांनी हवा भरली. आम्ही खुर्च्या ओढून काट्यासमोर बसलो. पाच मिनिटं. दहा मिनिटं. काटा आजारी माणसासारखा हळूच एक रेघ खाली बसला.

मी काकांकडे पाहिलं नाही. साबणाचा फेस लावला तेव्हा एका जोडावर बारीक बुडबुडा आला. मग दुसऱ्यावर. मग चौथ्यावर. काकांनी प्रत्येक जोड खोलला, पांढऱ्या टेपचे आणखी दोन वेढे दिले, पुन्हा आवळला. तीस वर्षं त्या टेपनं त्यांना दगा दिला नव्हता. पुन्हा हवा. काटा पुन्हा खाली, या वेळी आधीपेक्षा लवकर.

"माझ्या हातची लाइन गलते," काका स्वतःशीच म्हणाले. मान खाली, पाठ आमच्याकडे. मी त्यांना इतकं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं.

माझी बाही कुणीतरी ओढली. काकू. त्या बराच वेळ माझ्या मागे उभ्या होत्या. वाकून माझ्या कानाशी कुजबुजल्या, "त्यांना विचारा, कुकरच्या रिंगखाली कवा टेप लावतो का आपन?"

मी मोठ्यानं सांगितलं, "काका, काकू विचारतायत, कुकरच्या रिंगखाली आपण कधी टेप लावतो का?"

काका वळले. काकूंकडे बघितलं, मग हातातल्या जोडाकडे. त्या जोडाच्या मुळाशी एक बारीक काळी रबरी रिंग होती. तीच पाणी अडवणार होती. टेपच्या जाडीमुळे ती पुरती टेकतच नव्हती. काकांनी नखानं सगळी टेप सोलली, रिंग बोटानं पुसली, जोड हातानं फिरवला आणि अगदी थोडाच आवळला. मग दुसरा. मग बाकीचे सगळे. टेबलावर टेपच्या पांढऱ्या सालींचा ढीग झाला.

पुन्हा हवा. पंधरा मिनिटं. अर्धा तास. तासाभरानं मुलगी मला जेवायला बोलवायला आली आणि तीही बसली. काटा हलला नाही. काका उठले, काकूंच्या समोर जाऊन कंपनीतल्या मोठ्या साहेबाला करतात तसा कडक सलाम ठोकला. काकूंनी पदर तोंडाला लावला. हसल्या असणार, आवाज आला नाही, पण खांदे हलत होते.

मग लाइन कॉम्प्युटरच्या आत बसली, जोड पुन्हा एकदा तपासून झाले, शुद्ध पाणी भरलं गेलं, आणि बाकी सगळं बंद ठेवून नुसता पंप चोवीस तास चालला, खाली अर्थातच कालचा पेपर. रविवारी दुपारी चारला काकांनी पेपर खिडकीशी नेला. कोरडा ठणठणीत! सोसायटीतले सातआठ जण हॉलमध्ये जमले होते, सेक्रेटरीसकट. काकांनी बटण दाबलं आणि सगळ्यात जड काम लावलं: अख्ख्या मिठागरावर संध्याकाळचं ऊन.

आधी याच कामाला त्र्याण्णव डिग्री व्हायची. आम्ही सगळे आकड्यावर डोळे लावून उभे. पन्नास. अठ्ठावन्न. एकसष्ट. बासष्टवर आकडा थांबला आणि तिथंच राहिला. टाळ्या पडल्या. सेक्रेटरींनी तर शिट्टी वाजवली. पडद्यावर मिठाच्या राशी केशरी होत गेल्या. लोक काकांची पाठ थोपटून, एकेक करून गेले.

मी राहिलो. काका खुर्चीत बसले होते, तोंड कॉम्प्युटरकडे, पाठ स्वयंपाकघराकडे. पंखे फिरत होते, पण इतके सावकाश की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

स्वयंपाकघरातून बारीकसा आवाज आला. "अवं, च्यात आलं टाकू का?"

"टाक की," काका मान न वळवता म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ऐकलंस?"

मी पडद्याकडे बघितलं. "हो काका, अजून बासष्टच."

"ते न्हाय रे." त्यांनी अंगठ्यानं मागे दाखवलं. "ती. आपरेशन झालं नि पंखे ओरडायचे. ती आतनं हाका मारायची, मना कलायचंच न्हाय. मंग उठून यायची, खांद्याला हात लावायची. मंग एक दिवस तिनं हाक मारायचंच सोडलं. च्या आनून ठेवायची नि जायची. मी काम बंद करतो बोललो, तर ती बोलली, आगर पुरा करा. मंग काय करनार? पंखेच गप करायला पायजे होते."

चार महिने मी त्यांना डिग्र्या विचारत होतो.

आतून पुन्हा तोच आवाज आला. "अवं, मास्तरांना पन विचारा ना..."

काकूंचं वाक्य पुरं व्हायच्या आत काका खुर्चीतून उठले होते. "आलो, आलो," म्हणत ते आत गेले.