रंभाजीच्या गळ्यातली खूणगाठ

बाळांनो, मांडी घालून बसा आणि आपापल्या मानेवरून हात फिरवा. काही लागलं नाही ना? मग ऐका.

एका जंगलात रंभाजी नावाचं भेकर राहत होतं. भेकर म्हणजे लहानसं हरीण. वाघ दिसला की ते कुत्र्यासारखं भुंकतं आणि सगळं जंगल सावध होतं. त्यामुळे रंभाजी गळ्याला फार जपायचा. तंबाखू नाही, ताडी नाही, मोहाच्या झाडाखालून जायचं तर श्वास रोखून.

तरी त्याच्या मानेला गाठ आली.

डॉक्टर साळिंदरबाईंनी पाठीवरचा एक काटा उपटला, गाठीत खुपसला आणि तुकडा काढला. तो तपासून त्या म्हणाल्या, "रंभाजी, घशात कर्करोग आहे. मानेत उतरलाय. पण अभिनंदन."

रंभाजीला वाटलं, आपले कानही गेले.

"गाठीत विषाणूची खूण सापडली," बाई म्हणाल्या. "विषाणूमुळे झालेला घशाचा कर्करोग बहुतेकदा उपचारांना चांगली दाद देतो. तंबाखूचा असता, तर मी असं हसत बोलले नसते."

रंभाजी उड्या मारत घरी गेला. त्याची बायको गोदा पाला निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"कर्करोगाचं कळलं," ती म्हणाली. "विषाणू कुणाकडून आला?"

बाळांनो, हा विषाणू कसा पसरतो ते तुम्हाला मोठेपणी कळेल. गोदा मोठी होती.

"बाई म्हणाल्या, तो अंगात वीस-वीस वर्षं गुपचूप बसून राहतो," रंभाजी म्हणाला.

"भेकर जगतं बारा वर्षं," गोदा म्हणाली, आणि तिनं अबोला धरला. उपचाराला मात्र ती रोज सोबत जायची. मध्ये तीन झाडांचं अंतर ठेवून.

त्याच सुमारास सरपंच खंडेराव रानडुक्कर यांनाही मानेला गाठ आली. ते जन्मभर तंबाखू चघळत आलेले.

"तुमच्या गाठीत खूण नाही," साळिंदरबाई म्हणाल्या.

"म्हणजे मी निर्दोष."

"म्हणजे दुखणं अवघड. उद्यापासून उपचार सुरू करू."

पण खंडेरावांना वेगळंच लागलं होतं. एका साध्या भेकराला खूण मिळते आणि सरपंचाला नाही? ते तडक रंभाजीकडे आले.

"थोडा विषाणू दे," ते म्हणाले.

उपचारांनी रंभाजीचा घसा सोलवटला होता. तो कसाबसा म्हणाला, "सरपंच, खुणेवरून आजार कशानं झाला ते कळतं. वरून खूण लावून आजार बदलत नाही. तुम्ही बाईंकडे जा."

"जळतोस माझ्यावर," खंडेराव म्हणाले, आणि त्याच्या तोंडातला अर्धा चावलेला पाला काढून त्यांनी खाल्ला.

दुसऱ्या दिवशी पंचायतीनं ठराव केला : जंगलाचा मान राखण्यासाठी प्रत्येक जनावरानं खूण मिळवावी. रंभाजीच्या दारात रांग लागली. सशांनी त्याची लाळ पानावर नेली. एका माकडिणीनं बाळाचं बारसं त्याच्या शिंकेवर केलं. रंभाजी जबडा दुखेपर्यंत पाला चघळत राहिला, कारण सरपंचाला नाही म्हणणार कोण? रोज तो खंडेरावांना एवढंच विनवायचा, "एकदा बाईंकडे चला."

"खूण आली की जातो," खंडेराव म्हणायचे. गाठ नारळाएवढी झाली. खूण आली नाही.

पावसाळा सरला, तसे खंडेरावही सरले. पंचायतीनं त्यांना मरणोत्तर खूण मंजूर केली.

शोकसभेत रंभाजीला बोलायला उभं केलं. त्याची गाठ विरघळली होती, पण उपचारांनी आवाज पार बसला होता. त्यानं तोंड उघडलं. नुसती हवा आली.

"चला घरी," शेजारून गोदा म्हणाली. "दोन घोट पाणी प्या."

इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच बोलली होती. रंभाजीला रडू फुटलं. सभेला वाटलं, सरपंचांसाठीच रडतोय.

तात्पर्य : सदाचारानं दुखणं टळतं की नाही, देव जाणे. पण यायचंच असेल, तर कुठून आलं ते बायकोला सांगता येणार नाही असंच यावं. ते औषधाला लवकर दाद देतं.