सौम्य कर्करोगाला पार्किंग नाही

मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीत घरं बहात्तर आणि छपराखालच्या पार्किंगच्या जागा अकरा. बाकीच्या गाड्या उघड्यावर, कावळ्यांच्या स्वाधीन. नियमानुसार गंभीर आजार असलेल्या सभासदाला छपराखाली प्राधान्य मिळतं. मी, गुणाजी तावडे, वय त्रेसष्ट, वर्षानुवर्षं बाहेर होतो. तब्येत ठणठणीत असल्यामुळे माझा इलाजच नव्हता.

गेल्या वर्षी मला प्रोस्टेटचा कर्करोग निघाला.

घरात रडारड झाली. मीही रडलो, खोटं कशाला बोलू? सोसायटीच्या सेक्रेटरी नलिनीताई पेडणेकर शहाळी घेऊन भेटायला आल्या. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "तावडे, उद्यापासून गाडी सात नंबरला लावा. एवढंच आमच्या हातात आहे." त्यानंतरही मी रडलो, पण जरा कमी.

पुढे डॉक्टर देवेश यांनी सगळे रिपोर्ट समोर मांडले. बायोप्सी आणि रक्तातली काही प्रथिनं बघितली की आजार किती आक्रमक आहे याचा अंदाज येतो म्हणे. माझ्या प्रथिनांचं माझ्याबद्दल फारच चांगलं मत होतं.

"काका, तुमचा कॅन्सर अगदी सौम्य आहे. ऑपरेशन नको, काही नको. दर तीन महिन्यांनी रक्तातलं पीएसए हे प्रथिन तपासायचं आणि लक्ष ठेवायचं. तारीख तेवढी चुकवू नका."

माझ्या बायकोने, शकुने, तिथेच हात जोडले. घरी येऊन तिने साजूक तुपातला शिरा केला आणि आनंदाच्या भरात एक वाटी नलिनीताईंकडे पोचवली, कारणासकट. झालं, तिथेच माझी वाट लागली.

रविवारी कार्यकारिणीची तातडीची सभा बसली. विषय क्रमांक एक: श्री. तावडे यांच्या कर्करोगाचा स्वभाव. दुसऱ्या मजल्यावरचा हर्षद उभा राहिला, कमरेला पट्टा लावून. "माझ्या मणक्याला आजवर एकाही डॉक्टरने सौम्य म्हटलेलं नाही," तो म्हणाला. सभेने त्याच्याकडे आदराने पाहिलं. मग ठराव झाला: "ज्या आजारावर केवळ लक्ष ठेवायचे आहे, त्यावर सभासदाला उघड्या जागेतूनही लक्ष ठेवता येईल."

"अहो नलिनीताई, कॅन्सर आहे तो!"

"कॅन्सर आहे हे समितीला मान्यच आहे, तावडे. पण त्याने काही करून दाखवलं पाहिजे ना!"

सात नंबरला हर्षदची गाडी लागली. माझं डोकंच फिरलं. मी तडक डॉक्टरांकडे गेलो.

"रिपोर्टमध्ये कुठेतरी 'आक्रमक' एवढा शब्द टाका ना. समितीपुरता."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "काका, लोक माझ्याकडे उलटं मागायला येतात." मग मला समजवायच्या नादात बोलून गेले, "नुसत्या आकड्यावर जाऊ नये. तपासणीआधी खूप सायकल चालवली तरी पीएसए उगाच वाढू शकतं."

मला तेवढंच ऐकू आलं.

शेजारच्या ओजसची सायकल मागून आणली आणि आवारात फेऱ्या सुरू केल्या. शकु गॅलरीतून ओरडली, "अहो, डोक्यावर पडलात काय? उतरा खाली!" मी उतरलो नाही. अवघडलेल्या अवस्थेतच घाटकोपरच्या एका लॅबमध्ये रक्त दिलं. आकडा वाढला होता! कॅन्सरचा आकडा वाढला म्हणून येताना पेढे घेणारा माणूस मुंबईत मीच पहिला असेन.

समितीने रिपोर्ट वाचला, पेढे खाल्ले आणि आवारातल्या सीसीटीव्हीचं चित्रण लावलं. "जो सभासद इतकी सायकल चालवू शकतो," नलिनीताईंनी शांतपणे विचारलं, "त्याला गाडीची तरी काय गरज?" सायकल पुरावा म्हणून जप्त झाली. आता माझी बाहेरची, कावळ्यांखालची जागाही विचाराधीन होती.

मग मी अपील केलं. अपिलाची सुनावणी नेमकी डॉक्टरांच्या तारखेलाच आली. डॉक्टर काय, पुन्हा भेटतील, सुनावणी पुन्हा मिळणार नाही, असा मी सुज्ञ विचार केला. पुढच्या तारखेला वार्षिक सर्वसाधारण सभा होती.

"डॉक्टरांचा परत फोन आला होता," शकु म्हणायची.

"सांग, मी अपिलात आहे."

शेवटी तिने मला हाताला धरून नेलं. नव्या तपासणीतला आकडा बघून डॉक्टर वैतागले. "काका, सायकल चालवून आलात का?"

"नाही हो. ती समितीच्या ताब्यात आहे."

त्यांनी लगेच चिठ्ठी लिहायला घेतली. पुन्हा तपासण्या झाल्या, पुन्हा बायोप्सीची सुई झाली. मग त्यांनी आम्हा दोघांना बसवलं. "आता स्वभाव बदललाय. आक्रमक आहे. ऑपरेशन लवकर करायला लागेल. तारखा पाळल्या असत्या तर आधीच कळलं असतं..."

शकुने माझी बाही घट्ट धरली. आणि मी? सांगायला लाज वाटते. तोंडातून पहिलं वाक्य बाहेर पडलं ते असं, "डॉक्टर, हे लेटरहेडवर मिळेल ना?"

शकुने माझी बाही सोडली.

समितीने मात्र अजिबात वेळ लावला नाही. ठराव एकमताने मंजूर झाला. नलिनीताईंनी स्वतः खाली येऊन माझा हात हातात घेतला. "अभिनंदन, तावडे. चिकाटी लागते हो." हर्षदने पट्टा सावरत गाडी बाहेर काढून दिली.

परवा ऑपरेशन आहे. नंतर बरेच दिवस गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. शकु अजून माझ्याशी बोलत नाही, नुसती देवापुढे बसून असते. हर्षद मात्र रोज चौकशी करतो. आज विचारत होता, "तावडे, या ऑपरेशनमध्ये नक्की किती टक्के लोक परत येतात हो?"

तुम्हाला माझी कीव आली असेल, येऊ द्या. माणूस येडाच आहे, असंही म्हणाला असाल. पण तुमची गाडी उन्हात उभी असेल तर खरं सांगा, हे वाचता वाचता तुम्हीही मनातल्या मनात आपले सगळे आजार एकदा मोजून पाहिलेत की नाही?